गल्लीचे दाजी

दाजी हे कुणा एकाचे दाजी नव्हेत, अख्ख्या गल्लीचे आहेत. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीतली मुलगी त्यांना दिली आणि वर्षभरात ते सासुरवाडीच्या समोरच दोन खोल्या घेऊन राहायला आले. उद्यमनगर इथून चालत जायच्या अंतरावर, असं कारण त्यांनी त्या वेळी दिलं होतं. त्यांची बायको आमची सगळ्यांची आक्का, म्हणून हे दाजी. वयानं थोरली माणसंही त्यांना दाजीच म्हणत आली, आणि आता गल्लीत फुटबॉल खेळणारी पोरं चेंडू पत्र्यावर गेला की ‘ओ दाजी’ म्हणूनच हाक मारतात. जावई म्हणून मान द्यायचा आणि जावई म्हणूनच चेष्टा करायची, अशी गल्लीची दुहेरी सोय झालेली आहे. हाक मात्र दोनदा मारावी लागते. दाजींना कमी ऐकू येतं.

ही फौंड्रीची देणगी. उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये हेल्पर म्हणून चिकटलेले दाजी शिरोलीच्या मोठ्या फौंड्रीच्या तपासणी खात्यातून रिटायर झाले. कोल्हापूरच्या वतकामाचं प्रस्थ बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. त्याला अंबाबाई माहीत असते, तांबडा-पांढरा माहीत असतो, चप्पल माहीत असते. पण शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात रोज जे लोखंड वितळतं, त्याचे इंजिनाचे ब्लॉक होतात, ब्रेक ड्रम होतात, गिअरबॉक्सची घरं होतात, आणि देशभरातल्या गाड्यांच्या पोटात जाऊन बसतात. रस्त्यावरनं जाणाऱ्या कुठल्याही गाडीकडं कोल्हापूरचा मेस्त्री गिऱ्हाइकाच्या नजरेनं बघतच नाही. माहेरवाशीण घरी आल्यासारखं तिच्याकडं बघतो, बरी आहे ना, वाळली तर नाही ना.

तर फौंड्रीत साचे फोडताना आणि कास्टिंग घासताना जो धडधडाट चालतो, त्यात दाजींचे कान गेले. बदल्यात त्यांना दोन गोष्टी मिळाल्या. एक, दर महिन्याला येणारी पेन्शन, जिची रक्कम ते लाजेखातर कुणाला सांगत नाहीत. दुसरी म्हणजे तळहात. चांगलं कास्टिंग हातोडीनं ठोकलं की खणखणतं, आत चीर असली की बद्द वाजतं. कान जायला लागले तसे दाजी एका हातानं ठोकायचे आणि दुसरा हात कास्टिंगवर ठेवायचे. ते बद्दपण त्यांच्या तळहाताला कळायचं. तपासणी खात्यातली डिप्लोमावाली पोरं मशीन लावून जे अर्ध्या तासानं सांगायची, ते दाजी पान थुंकून येता येता सांगून जायचे.

अशा माणसानं नवी गाडी घेतली, आणि तीतून आवाज येतो अशी तक्रार केली.

फंडाचे पैसे होते. पोरगा पुण्याला हिंजवडीत. आक्काला गुडघ्यांमुळं एसटीची पायरी चढवेना. जोतिबाला जायचं, नरसोबाच्या वाडीला जायचं, तर गाडी पाहिजे. सहा लाखांच्या पुढची लहानशी गाडी ठरली आणि पाडव्याच्या मुहूर्तावर ताब्यात घ्यायची ठरली. शोरूमचं नाव लिहीत नाही, कारण नाव लिहून उपयोग नाही. तुमच्या गावातल्या शोरूमचं नाव तिथं घातलंत तरी गोष्ट तशीच चालेल.

पाडव्याला शोरूममध्ये जाणं आणि वैशाखातल्या दाट तिथीला मंगल कार्यालयात जाणं यात फार फरक नसतो. पन्नासेक गाड्या ओळीनं, प्रत्येकीवर लाल कापड, प्रत्येकीपुढं एक कुटुंब. कापड ओढायचं, टाळ्या, पेढा, पुठ्ठ्याची चार फुटी किल्ली हातात धरून फोटो, की पुढचं कुटुंब. गाडी गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी ती चालवून, उचलून, खालून-वरून तपासायची असते. त्या तपासणीचा एक छापील कागद असतो आणि त्यावर बरोबरच्या खुणांची लांबलचक रांग असते. दाजींनी तो कागद मागून घेतला, चष्मा लावून वाचला आणि मला म्हणाले, “सगळ्या खुणा येका दमात मारल्याल्या हायत. पेन उचललेलं न्हाई.”

आमच्या तपासणी खात्यात असं चालत नव्हतं, हेही म्हणाले. पण सणाचा दिवस होता, आक्का नव्या पातळात होती. गाडी महाद्वारात अंबाबाईला दाखवून घरी आली.

पुढच्या रविवारी जोतिबा. मागच्या सीटवर मी, माझी बायको आणि गुळाची ढेप, पुढं आक्का. डोंगर चढताना काही झालं नाही. गुलाल झाला, खोबरं उधळलं. उतरताना एका वळणावर दाजींनी वेग कमी केला, स्टिअरिंग अर्धं वळवलं आणि गाडी कडेला घेऊन थांबवली.

“वाजालंय.”

आम्ही सगळ्यांनी कान दिले. वारा, मागच्या जीपचा हॉर्न आणि दूरवर हलगी, एवढंच.

“काय बी वाजत न्हाई,” आक्का म्हणाली. “घरात कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या तरी तुमास्नी पत्त्या नसतोय, आन् आमाला ऐकू येईना ते तुमाला ऐकू याया लागलं व्हय?”

दाजींनी उत्तर दिलं नाही. डावा हात स्टिअरिंगवर पालथा ठेवला, गाडी हळू सोडली, पुन्हा वळवली. चेहऱ्यावर तपासणी खातं उतरलं होतं.

शोरूमच्या सर्व्हिस विभागात टाय लावलेला एक कागलचा पोरगा होता. पोरगा वाईट नव्हता. आधी सर म्हणायचा, मग काका म्हणायला लागला, आणि पावसाळा लागेपर्यंत तोही दाजी म्हणायला लागला होता. त्याच्याकडं सगळ्या रोगांवर एकच औषध होतं.

“नॉर्मल हाय, सर.”

“काय नॉर्मल हाय?”

“नव्या गाडीला थोडा आवाज असतोय. पार्ट सेट व्हायला लागत्यात. हजार किलोमीटर चालवा, बसतंय जाग्यावर.”

“बरं. मग तेवढं लिवून दे.”

पोरगा थांबला. “काय लिहून देऊ?”

“आवाज येतोय, पर त्यो नॉर्मल हाय, असं. खाली सही.”

इथं दाजींचा सगळा स्वभाव आला. हा माणूस आवाज चढवत नाही. टेबलावर हात आपटत नाही, आमदाराचं नाव घेत नाही, ‘मी कोण हाय म्हाईत हाय काय’ हे कोल्हापुरी ब्रह्मास्त्र काढत नाही. फक्त लिहून मागतो. आणि शोरूमवाल्यांनी आयुष्यात शिव्या पचवलेल्या असतात, आरडाओरडा पचवलेला असतो, दारात फटाके लावलेले पाहिलेले असतात. लिहून मागणारा माणूस त्यांनी पाहिलेला नसतो. दाजींना तो आवाज नॉर्मल आहे म्हटलेलं चाललं असतं. आवाज नाहीच म्हटलेलंही चाललं असतं. कागदावर मात्र काही तरी एक पाहिजे होतं. कित्येक वर्षं ज्यानं रिजेक्शन स्लिपवर सही केली, त्याला तोंडी शब्दाचं वजन किती असतं हे पक्कं माहीत.

शेवटी जॉब कार्डावर पोरानं इंग्रजीत लिहिलं, तपासलं, ठीक आढळलं. आणि गाडी धुऊन दिली.

हे धुणं एक प्रकरणच आहे. दाजी तक्रार घेऊन गेले की संध्याकाळी गाडी लखलखीत होऊन यायची. आत व्हॅक्यूम मारलेला, पायाखाली कागद घातलेला, टायरना काळं पॉलिश, आणि कुठं तरी लिंबाचा वास. गाडी धुतली की गिऱ्हाइकाचं मनही धुऊन निघतं, अशी या धंद्याची श्रद्धा असावी. दाजींची गाडी त्या उन्हाळ्यात कोल्हापुरातली सगळ्यात स्वच्छ गाडी होती. आवाज होता तसाच.

एकदा शोरूमचा मेकॅनिक सोबत घेऊन चाचणी झाली. त्यानं गाडी काढली ती थेट पुणे-बंगळूर महामार्गावर, ऐंशीच्या वेगात, गुळगुळीत. परत येऊन म्हणाला, काही नाही. दाजी म्हणाले, “मर्दा, हायवेला कुणाची गाडी वाजतीय? पापाच्या तिकटीला चल की. गंगावेशीत चल. खड्ड्यात घाल, अर्धं वळीव, मग सांग.” मेकॅनिक म्हणाला, शहरात टेस्ट ड्राइव्हला परवानगी नाही. दाजी म्हणाले, लिवून दे.

मग संगणक लावला. डॅशबोर्डाखाली वायर जोडून तो स्कॅनर म्हणे सगळं सांगतो. अर्धा तास बघून पोरगा आनंदानं म्हणाला, एकही कोड नाही. आता हा स्कॅनर इंजिनातले आणि विजेचे दोष सांगतो. सेन्सर असतील तिथलंच त्याला कळतं. चाकाच्या वरच्या रबराला आणि बेअरिंगला सेन्सर नसतो, त्यामुळं तिथं काय वाजतं ते स्कॅनरला मरेपर्यंत कळायचं नाही. दाजींनी हे पोराला इतक्या मायेनं समजावलं की तो वहीत लिहून घ्यायला लागला.

गिऱ्हाइकांना बसायला काचेची खोली होती. एसी, टीव्ही, आणि बटण दाबलं की अंगठ्याएवढ्या कागदी कपात कॉफी देणारं यंत्र. ज्या गावात माणूस गंगावेशीत म्हशीच्या दारात उभा राहून फेसाळ दुधाचा पेला रिचवतो, त्या गावात त्या कपाकडं बघून दाजींना काय वाटलं असेल ते मी समजू शकतो. ते एका वेळी चार कप आणून एकापाठोपाठ एक प्यायचे. काचेतून वर्कशॉप दिसायचं, पण दारावर पाटी होती, ग्राहकांना प्रवेश नाही. तिसऱ्या खेपेला दाजी आत गेले. कुणी अडवलं नाही, कारण ते पाठीमागं हात बांधून, मान डोलवत, शेडचा मालक फिरतो तसे गेले. आतला फोरमन उद्यमनगरचाच निघाला. त्यानं दाजींना बघून स्टूल पुसलं. म्हणाला, “दाजी, तुमी म्हंताय तर असंलच. पर मी माझ्या तोंडानं कसं म्हणू? वॉरंटीत पार्ट घालायचा तर कंपनीची मंजुरी लागती. मंजुरीला तक्रार सिद्ध व्हावी लागती. आन् तक्रार सिद्ध झाली तर…” पुढचं त्यानं लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर पुसत सोडून दिलं.

इथवर आलं की बहुतेक गावांतली माणसं कंटाळतात. गाडी विकतात, नाही तर आवाजासकट चालवतात. कोल्हापूरचं तसं नाही. या गावाला लढ्याचा कंटाळा येत नाही, लढा संपल्याचा येतो. रस्त्यांसाठी लावलेला टोल नको म्हणून हे गाव वर्षानुवर्षं रस्त्यावर होतं. एन. डी. पाटलांसारखा म्हातारा माणूस पुढं, मागं अख्खं शहर. 2015 च्या डिसेंबरात सरकारनं टोल रद्द केला तेव्हाच घरी गेलं. उच्च न्यायालयाचं खंडपीठ इथं व्हावं म्हणून वकिलांनी चार दशकं आंदोलनं केली, आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्किट बेंच सुरू झालं तेव्हा गुलाल पडला. टोलच्या मोर्च्यात दाजी होते. घोषणा त्यांना ऐकू येत नव्हत्या, बाजूच्याचा हात वर गेला की आपला वर करायचे.

त्यामुळं पोरगा पुण्याहून फोनवर म्हणाला, “बाबा, सोडून द्या,” तेव्हा दाजींनी मला बोलावलं. मी गल्लीचा अर्जलेखक. नोकरी कारकुनाची झाली, निवृत्तीनंतर तेवढीच किंमत उरली आहे. दाजी सांगणार, मी लिहिणार.

“लिवा. सायेब, गाडी वाजती.”

“महोदय, उपरोक्त वाहनातून सदोष ध्वनी…”

“सदोष बिदोष नगं. त्यो आवाज कसा हाय ते लिवा. कट्‌-टक्. आदी कट्‌, मग जरा थांबून टक्.”

“कट्‌कट् लिहू?”

“कट्‌कट् आक्का करती. ह्यो निराळा हाय.”

आतून भांडं आदळल्याचा आवाज आला. तो दाजींना ऐकू आला नाही.

पत्रं गेली. कंपनीला पाठवलं की कंपनी कळवायची, आपल्या अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधावा. विक्रेता म्हणायचा, कंपनीनं मंजुरी दिली तर आमची ना नाही. या दोघांच्या मधल्या फटीत गिऱ्हाईक कायमचं अडकतं. त्या फटीवर सर्वोच्च न्यायालयातही वाद झालेला आहे. गोव्यातल्या एका गिऱ्हाइकानं 2011 सालच्या गाडीचे पैसे भरले आणि त्याला मिळाली 2009 सालची, तीही सहाशे किलोमीटरच्या वर चाललेली. टाटा मोटर्स आणि डीलर या दोघांनी मिळून पैसे परत करावेत असा खालचा हुकूम होता. 2021 साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, डीलरच्या करणीची कंपनीला माहिती होती हे सिद्ध होत नसेल, तर दोघांमधला करार स्वतंत्र धंदेवाल्यांमधला आहे. कंपनी सुटली, डीलर अडकला. मी हे दाजींना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, “म्हंजे वतणारा निराळा, घासणारा निराळा. पर ब्लो होल कुणाचा त्यो त्यावरच ठरतोय की. वतणाऱ्याचा दोष घासणाऱ्याच्या माथी मारून कसं चालंल?” माझ्या मते ग्राहक कायद्यावर याहून नेमकं भाष्य मी कुठं वाचलेलं नाही.

आता कायद्याचं थोडं सांगतो, कारण दाजींनी मला ते पाठ करायला लावलं. जुना ग्राहक संरक्षण कायदा 1986 चा. त्याच्या मागं पुण्यातून बिंदुमाधव जोशींनी उभ्या केलेल्या ग्राहक पंचायतीची कित्येक वर्षांची खटपट होती. 2019 साली नवा कायदा झाला आणि 2020 च्या जुलैपासून लागू झाला. त्यात मोठी सोय अशी की कंपनी कुठंही असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. दोष दिसल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची. वकील लागतोच असं नाही. वस्तूतला दोष तपासल्याशिवाय कळत नसेल तर आयोग तपासणीला पाठवू शकतो. आणि फी? पाच ते दहा लाखांच्या वस्तूला 200 रुपये. दाजींनी हिशेब केला, “म्हंजे गाडी धुवायच्या पैशात खटला.”

नवी गाडी मिळेल या आशेवर मात्र कुणी राहू नये. 2006 साली मारुती उद्योगाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय की वॉरंटी म्हणजे सदोष भाग बदलून देण्याचं वचन, अख्खी गाडी बदलून देण्याचं नव्हे. हे ऐकून मला वाटलं दाजी खट्टू होतील. ते उलट खूष झाले. “बराबर हाय. एक पीस रिजेक्ट झाला म्हणून कुणी सगळी हीट फेकून देतंय व्हय?”

आयोगात जाण्याआधी नोटीस पाठवली. तिचं उत्तर शोरूमच्या वकिलाकडून आलं, तीन पानी, आणि त्यातल्या चौथ्या परिच्छेदानं गल्लीत रण माजलं. लिहिलं होतं, आपणास श्रवणदोष असल्याचे आमच्या अशिलांच्या कर्मचाऱ्यांच्या निदर्शनास आले असून, ज्या व्यक्तीस सामान्य संभाषण ऐकू येत नाही तीस वाहनातील कथित ध्वनी ऐकू येणे अशक्य असल्याने सदरची तक्रार काल्पनिक आहे.

खरं सांगायचं तर युक्तिवाद बिनतोड होता. मी वकील असतो तर मीही हाच केला असता. पण दाजींना बहिरं म्हणायचा हक्क गल्लीचा. तो आम्ही चाळीस वर्षं मेहनतीनं कमावलेला. टाय लावलेल्या परक्या माणसांनी तो वापरावा हे कुणाला सहन होईना. तालमीतली पोरं म्हणाली, दाजी, फक्त सांगा, शोरूमसमोर ठाण मांडतो. ज्या काकू रोज दाजींच्या बहिरेपणाची नक्कल करतात त्या सगळ्यांत जास्त तापल्या होत्या. आक्का काही बोलली नाही, पण त्या दिवशी कुकरची शिट्टी झाल्यावर तिनं जाऊन दाजींच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, झाली.

दाजी तेवढे शांत. म्हणाले, “खरंच हाय की. मला कानानं कुटं ऐकू येतंय? मी हातानं ऐकतोय. तेवढं लिवा.”

मी लिहिलं. ‘माझ्या कानास दोष आहे, हातास नाही. सदर ध्वनी स्टिअरिंगवर डावा हात ठेवला असता तळहाताच्या मुळाशी जाणवतो. आपल्या ज्या अधिकाऱ्यास दोन्ही कान आहेत त्याने येऊन आपला हात ठेवून पाहावा.’ खाली दाजींनी सही केली, आणि सहीशेजारी स्वतःच्या डाव्या तळहाताचा शाईचा ठसा उमटवला. ठशाची कल्पना माझी नव्हती, पण ती मला आवडली.

त्या ठशानं काम केलं असावं. पुण्याहून कंपनीचा इंजिनिअर येतोय असा निरोप आला. मग आषाढातला पाऊस लागला, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा इशाऱ्याच्या 39 फुटांकडं सरकायला लागली आणि निरोप आला की साहेब पाणी उतरल्यावर येतील. पाणी उतरलं, शहरातल्या रस्त्यांची जी काय दशा व्हायची ती झाली, आणि मग साहेब आले. दाजींच्या दृष्टीनं मुहूर्त उत्तम होता. खड्डे ताजे होते.

साहेब पस्तिशीतले, शांत, पुणेरी. “आपण बसावं, मी चालवतो,” असं म्हणाले. दाजींनी माझ्याकडं बघितलं. इतकं शुद्ध मराठी शोरूममध्ये यापूर्वी कुणी त्यांच्याशी बोललेलं नव्हतं, म्हणून ते जरा सावध झाले. मागच्या सीटवर मी आणि कागलचा पोरगा. रंकाळ्यावरून गंगावेशीकडं निघालो. साहेबांनी खिशातून काही तरी यंत्र काढलं, वायरला चिमटे लावलेलं, कानात घालायचं. दाजी म्हणाले, “ते र्‍हाऊ द्या. हात द्या.”

साहेबांनी हात दिला. दाजींनी तो पंजा आपल्या पंजात धरून स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला, थोडा खालच्या अंगाला, घट्ट नाही आणि सैल नाही असा ठेवला. बोटं उचलून घेतली, फक्त तळवा टेकवलेला. वर आपला हात ठेवला नाही. “बोटानं पकडलं की कळत न्हाई. नुस्ता ठेवा. झोपल्याल्या पोराच्या पाठीवर ठेवतासा तसा.” गाडी चालण्याच्या वेगावर आली. पुढं पावसानं उघडा पडलेला खड्डा. “आता अर्धं वळवा. आता सोडा.”

गाडी खड्ड्यात उतरली. मला काहीही ऐकू आलं नाही. शपथेवर सांगतो, काहीही नाही.

साहेब म्हणाले, “परत.”

परत गेलो. त्यानंतरही परत. पापाच्या तिकटीला एक रिक्षावाला आमच्यामागं इतका वेळ थांबला की उतरून विचारायला आला, “काय हुडकालाय काय, भावा?” शेवटी साहेबांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, आणि स्वतःच्या तळहाताकडं बघत म्हणाले, “हो. आहे.”

कागलच्या पोरानं डोळे मिटून घेतले.

“मग लिवून द्या,” दाजी म्हणाले.

आणि साहेबांनी तिथंच, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून, लिहून दिलं. डाव्या पुढच्या चाकाच्या शॉकॅबवरचं माउंट सदोष, बेअरिंगसह बदलावं, वॉरंटीत. जिथं जोडणी होते तिथंच कुठं तरी ते नीट बसलं नसावं, असंही म्हणाले. पुढं त्यांनी दाजींना विचारलं की आपण कुठल्या कंपनीत होतात. नाव ऐकल्यावर म्हणाले, “आमचे ब्रेक ड्रम तिथूनच येतात.” दाजी म्हणाले, “म्हाईत हाय. म्हणून तर ही गाडी घेतली.” हे त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. ते सगळे महिने ड्रमबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती, हे मला तेव्हा लक्षात आलं.

माउंट आलं, बसलं. गाडी गप्प झाली. धुऊनही दिली.

मग फीडबॅकचा फोन आला. हल्ली गाडी दुरुस्त करणं सोपं झालंय, त्यानंतरचा फोन चुकवणं अवघड. बाई गोड आवाजात विचारतात, आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल? दाजींना ते तीन वेळा ओरडून सांगावं लागलं. दाजींनी विचार करून सांगितलं, सात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कागलचा पोरगा मोटारसायकलवरून घरी. टाय खिशात, हातात राजाभाऊंची भेळ बांधून आणलेली. आक्कानं त्याला बसायला पाट दिला. पोरगा रडकुंडीला आलेला. दहाच्या खाली गेलं की त्याचा महिन्याचा इन्सेन्टिव्ह बुडतो. नऊ दिले तरी वरून फोन येतो. सात म्हणजे शोरूमला नापासच.

“सात लई झालं की,” दाजी म्हणाले. “आमच्यात सत्तर टक्के पीस पास झालं असतं तर… न्हाई, आमच्यात सत्तराला फौंड्री बंद झाली असती. पर माणसाला सात लई.”

“दाजी, नऊ तरी करा. परत फोन करायला लावतो त्यास्नी.”

“मला सांग, पयल्या दिवशी काय म्हणाला हुतास?”

पोरगा गप्प.

“आवाज नॉर्मल हाय म्हणाला हुतास. मग सात बी नॉर्मल हाय. सेट व्हायला लागत्यात. हजार गिऱ्हाइकं कर, आपसुक धावर जातंय.”

आत आक्का चहा गाळत होती. ती तिथूनच म्हणाली, “द्या की ओ पोराला धा. तुमास्नी बघायला आल्यावर माझ्या बानं कितीवर पास केलं हुतं, इचारा एकदा.”

दाजींनी माझ्याकडं तोंड केलं. “काय म्हणाली?”

मी तोंड उघडायच्या आत कागलचा पोरगा वाकून त्यांच्या कानाशी ओरडला, “आक्का म्हणत्यात, धा द्या!”

दाजींनी भेळेचा पुडा सोडला, एक घास घेतला, आणि म्हणाले, “मग तिच्याकडनं लिवून आण.”